बिनविरोध? रॉनला विसरलीस!
प्रश्न : ताई, मी इंग्लंडमध्ये शिकते. आमच्या नाट्य सोसायटीत वेल्फेअर ऑफिसरसाठी (सदस्यांच्या अडचणी ऐकून घेणारं पद) माझा एकटीचाच अर्ज आहे. म्हणजे बिनविरोधच ना?

उत्तर : कसली बिनविरोध! मतपत्रिकेवर बहुतेक ठिकाणी ‘रॉन’ असतो, म्हणजे ‘री-ओपन नॉमिनेशन्स’. तो जिंकला की पुन्हा अर्ज मागवतात. (मी उभी होते तेव्हा माझ्यापेक्षा रॉनचंच पोस्टर देखणं होतं!) प्रचारात ‘माझं दार सदैव उघडं’ हे सगळेच म्हणतात. तू सांग, तालमीनंतर दर वेळी पब नको, कधी चहाही ठेवू. न पिणारी मुलं हळूच सटकतात ना, ती थांबतील.

निवडून आलीस तर समुपदेशक व्हायला जाऊ नकोस. ऐकून घे, गावभर करू नकोस, विद्यार्थीच चालवतात त्या नाइटलाइनचा, म्हणजे रात्री मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा, नंबर दे. जिवावरचं वाटलं, तर मात्र गुपित बाजूला ठेवून थेट ९९९ या तातडीच्या नंबरवर फोन.