मालवणला दोनच दिवस आहेत, किल्ला आणि स्कूबा सोडून काय बघू?

जमलं तर डिसेंबर-जानेवारीत जा आणि एक रात्र दशावतारासाठी, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यासाठी, राखून ठेवा. कार्तिकापासून तिथे गावोगावी जत्रा सुरू होतात. प्रत्येक गावाची तिथी वेगळी, म्हणून पोचल्या पोचल्या रिक्षावाल्याला विचारायचं, 'आज खंयची जत्रा?'

मी गेलो त्या रात्री खेळाआधी देवळामागे डोकावलो होतो. एक जण पेटाऱ्याला आरसा टेकवून स्वतःच तोंड रंगवत होता. हाताला शेतीचे घट्टे. तोच नंतर लुगडं नेसून राणी होऊन आला. रंगमंचावर फक्त एक लाकडी बाक. त्याचंच सिंहासन, त्याचाच डोंगर. साथीला पेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नसते. आख्यान तेवढं ठरलेलं, संवाद उभ्या उभ्या सुचतात. राणी त्या बाकावर बसून रडू लागली तेव्हा माझ्या शेजारच्या मावशींनी जत्रेतल्या गोड खाज्याचा पुडा मांडीवर ठेवून पदर डोळ्यांना लावला. ते आख्यान त्यांनी लहानपणापासून कितीदा पाहिलं असेल! पहाटेपर्यंत कोणी उठलं नाही.

झोप राहिली तरी चालेल, पण सकाळी लवकर दांडीच्या किनाऱ्यावर जा. रापण लागली असेल तर नशीब. होडीतून अर्धगोल जाळं सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर माणसं वाळूवरून ओढतात. मीही दोराला हात लावला, तळवे सोलले. एवढं ओढून आले पेडवे आणि थोडे बांगडे. थवेच्या थवे वेढणारी पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्या बोटी यांनी किनाऱ्याजवळ मासळी ठेवली नाही, हे तिथे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. ती तळमळ ऐकून घ्या. मग खानावळीतल्या बांगड्याच्या तिखल्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

किल्ला मात्र सोडू नका. 1664 साली बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गात महाराजांच्या हाता-पायाचे चुन्यातले ठसे आहेत. पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि जून-जुलैत मासेमारीही, तेव्हा त्या दिवसांत जाऊ नका.

परतताना कुडाळजवळ पिंगुळीला थांबा. ठाकर समाजाची चित्रकथी तिथे आजही जिवंत आहे; परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गातात. गाडी संध्याकाळची घ्या, म्हणजे निवांत बसून ऐकता येईल.