तारांगण बघायचंय, पण धाकट्याला अंधाराची भीती

प्रश्न : ताई, सुट्टीत आम्ही चौघं शहरात फिरायला जातोय. मोठी मुलगी नऊ वर्षांची, तिला तारांगण बघायचंच आहे. धाकटा चार वर्षांचा आहे आणि अंधार झाला की रडतो, आणि मला स्वतःला गोलगोल फिरणाऱ्या चित्रांनी गरगरतं. हे म्हणतात मोबाईलवर सगळं दिसतं, तिकिटाचे पैसे कशाला घालवायचे. काय करू?

उत्तर : आधी तुमच्या यजमानांचं बघू. मोबाईलवरचं आकाश तळहाताएवढं, आणि तारांगणाच्या घुमटाखाली ते डोक्यावरून पार पाठीमागे जातं, पोरांना मान वळवून वळवून बघावं लागतं, मजा त्यातच आहे. खऱ्या मिट्ट काळोखात नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन-तीन हजार तारे दिसतात, शहरातल्या दिव्यांच्या उजेडात त्यातले जेमतेम काही उरतात. त्यामुळे शहरातल्या पोराला भरलेलं आकाश बहुतेक इथेच पहिल्यांदा दिसतं.

आता गरगरण्याचं. शो कुठला आहे ते तिकीट काढायच्या आधी विचारा. एक जुना प्रकार, मधोमध भिंगं लावलेलं मशीन असतं आणि ते घुमटावर तारे टाकतं (असं पहिलं मशीन जर्मनीत झाइस कंपनीने १९२३ मध्ये बनवलं), यात आकाश सावकाश सरकतं, सहसा त्रास होत नाही. दुसरा डिजिटल, त्यात आपण शनीच्या कड्यांमधून सुसाट उडत जातो, म्हणजे डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय, या भांडणातच मळमळायला लागतं. तसं झालं तर डोळे मिटून घ्या किंवा समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहा, थोड्या वेळात बरं वाटतं.

धाकट्याला जबरदस्ती नको. काही ठिकाणी एवढ्या लहान मुलांना आतच घेत नाहीत, ते आधी विचारून घ्या. घेत असतील तर लहान मुलांचा छोटा शो निवडा, दाराजवळची कडेची खुर्ची पकडा आणि दिवे हळूहळू मंद व्हायला लागले की त्याला मांडीवर घ्या. मोबाईलचा टॉर्च मात्र लावू नका हं, डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका टॉर्चने सगळ्यांचंच ते वाया जातं. बाहेर पडलात तर मधेच परत आत सोडतील असं धरून चालू नका. त्यापेक्षा एकाने मोठीबरोबर शो बघायचा आणि दुसऱ्याने धाकट्याला घेऊन बाहेरचं प्रदर्शन बघायचं. वेगवेगळ्या ग्रहांवरचं वजन दाखवणारे काटे असतील तर तो तिथून हलणार नाही, १८ किलोचं पोर चंद्रावर ३ किलो भरतं आणि गुरूवर साधारण ४५.

आणि दुपारी जेवून लगेचचा शो नको, मागे रेलणारी खुर्ची आणि अंधार म्हटल्यावर पोरं राहतात जागी, बाबा लोक घोरतात. निवेदन कुठल्या भाषेत आहे तेही बघून घ्या, भाषा कळली नाही तर नऊ वर्षांची मुलगीसुद्धा दहा मिनिटांत कंटाळेल.