घरच्या सर्व्हरवरून नेमके काय गेले?

प्रश्न : ताई, आमच्या घरी एका लहान संगणकावर जेलीफिन (साठवलेली गाणी आणि व्हिडिओ टीव्हीवर लावून देणारा सर्व्हर प्रोग्रॅम) चालते. त्याला ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क आहेत. भाच्याने मर्जरएफएस वापरून त्या एकत्र केल्या, त्यामुळे आम्हाला कायम एकच मोठा फोल्डर दिसायचा. वडिलांनी गावोगावी टेप केलेली कीर्तने, आईच्या ओव्या, घरातल्या लग्नांचे व्हिडिओ, विकतच्या सीडींवरून उतरवलेली गाणी, सगळे त्यात आहे. मागच्या महिन्यात एक डिस्क बंद पडली. त्या दिवशी टीव्हीवर चित्रे आणि नावे सगळी दिसत होती, पण काही गोष्टी लागत होत्या, काही लागत नव्हत्या. भाच्याने लगेच संगणक बंद केला आणि ‘आता चालू करू नका’ म्हणाला. निम्मे गेले असणार, असे त्याचे म्हणणे. पण निम्मे म्हणजे कोणते? एकेक लावून बघायचे का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : तुमच्या भाच्याने फार मोलाचे काम केले आहे, हे त्याला माझ्याकडून जरूर सांगा. काय गेले याची पूर्ण यादी तुमच्या घरातच आहे आणि ती केवळ त्याने संगणक बंद केला म्हणून शाबूत आहे.

मी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. साठा पडताळणीच्या वेळी कोणते पुस्तक गहाळ आहे हे कपाटाकडे बघून कधीच कळत नसे. दाखल नोंदवही उघडून, क्रमांक कपाटाशी ताडूनच ते कळे. जेलीफिनचीही अशी नोंदवही असते. प्रत्येक फाइल कुठे आहे, केवढी आहे, किती वेळ चालते, हे ते एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहून ठेवते. डिस्क बंद पडल्यावरही नावे दिसत होती ती त्या नोंदींमुळे.

धोका पुढे आहे. जेलीफिन मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर १२ तासांनी सगळा संग्रह पुन्हा तपासते. नोंद आहे पण फाइल जागेवर नाही असे दिसले, की तुम्हीच ती पुसली असेल असे समजून नोंदही काढून टाकते. तुमच्या बाबतीत मर्जरएफएसमुळे फोल्डर रिकामा दिसणार नाही, उरलेल्या डिस्कवरच्या फायली त्यात दिसतच राहतील. त्यामुळे काही बिघडले आहे अशी शंकाही सर्व्हरला येणार नाही. म्हणजे फाइल तर गेलीच, शिवाय ती कधी होती याचा पुरावाही जाईल.

म्हणून संगणक नेहमीसारखा चालू करू नका. भाच्याला पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायला सांगा. मग सर्व्हरच्या मूळ डिस्कवरचा जेलीफिनचा डेटा फोल्डर (लिनक्सवर तो बहुधा ‘व्हार’, त्यात ‘लिब’, त्यात ‘जेलीफिन’ असा सापडतो) पूर्ण उचलून दुसरीकडे ठेवायला सांगा. डेटाबेसच्या शेजारी त्याच नावाच्या, शेवटी ‘वॉल’ आणि ‘एसएचएम’ असलेल्या फायली दिसल्या तर त्याही घ्या. शेवटच्या काही नोंदी ‘वॉल’मध्येच अडकलेल्या असू शकतात. यापुढचे सगळे काम या प्रतीवर करायचे. बंद पडलेल्या डिस्कलाही आता कोणी हात लावू नये. ती जोडून, ठोकून, पुन्हा पुन्हा चालू करून पाहणारे हितचिंतक प्रत्येक घरात असतात. त्यांना थांबवणे तुमच्याकडे.

आता यादी. ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा मोफत प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर चालतो. १०.११ आवृत्तीपासून नोंदी ‘जेलीफिन डीबी’ या फायलीतल्या ‘बेसआयटम्स’ तक्त्यात असतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत त्या ‘लायब्ररी डीबी’मधल्या ‘टाइप्डबेसआयटम्स’ तक्त्यात असत. त्यातला ‘पाथ’, म्हणजे फाइलचा पत्ता, हा रकाना तुम्हाला हवा. ‘साइझ’ (आकार) आणि ‘रनटाइमटिक्स’ (कालावधी) हेही घ्या, पुढे लागतील. तक्ता सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकूर फाइल) करून बाहेर काढला की ती पहिली यादी.

दुसरी यादी चांगल्या डिस्कवरच्या फायलींची. लिनक्समधली ‘फाइंड’ आज्ञा ती क्षणात देते. पहिलीतून दुसरी वजा करायची. दोन्ही याद्यांत पत्त्याची सुरुवात वेगळी असेल, कारण डेटाबेसमध्ये एकत्र फोल्डरचा पत्ता आहे आणि इथे एकट्या डिस्कचा. तो सुरुवातीचा भाग आधी सारखा करून घ्या, नाहीतर सगळेच हरवलेले दिसेल. भाचा ‘सॉर्ट’ आणि ‘कॉम’ या आज्ञांनी वजाबाकी करील. तुम्हाला स्वतः करायची असेल तर दोन्ही याद्या एक्सेलमध्ये दोन रकान्यांत ठेवा आणि ‘काउंटिफ’ लावा. ज्या ओळीपुढे शून्य येईल ती फाइल गेली. फोल्डरांच्याही नोंदी तक्त्यात असतात, त्या गाळून टाका.

यादी बघितल्यावर धक्का बसेल, म्हणून आधीच सांगते. मर्जरएफएस प्रत्येक नवी फाइल ठरलेल्या धोरणाप्रमाणे एखाद्या डिस्कवर ठेवते. धोरण नुसत्या मोकळ्या जागेवर चालणारे असेल तर एकाच कीर्तनाचा पूर्वरंग वाचलेला आणि उत्तररंग गेलेला असू शकतो. लग्नाच्या व्हिडिओचा दुसराच भाग नसेल. ‘अमुक फोल्डर गेला’ असे सरळ उत्तर मिळणार नाही. त्यामुळेच एकेक लावून बघण्यात महिने गेले असते आणि तरी खात्री झाली नसती.

मग त्या यादीवर पेन्सिलीने खुणा करा. सीडी कपाटात आहे ते एका खुणेचे, ते केव्हाही पुन्हा उतरवता येईल. नातेवाइकांकडे प्रत आहे ते दुसऱ्या खुणेचे. लग्नांचे व्हिडिओ बहुतेक यात निघतील, फोन करा. उरेल ते फक्त तुमच्याकडे होते. वडिलांच्या मूळ कॅसेटी अजून आहेत का, हे आजच माळ्यावर चढून बघा. असल्या तर जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घाईने लावू नका. फीत बुरशीने चिकटलेली असेल तर ती तिथेच तुटते.

नातेवाइकांच्या प्रतीशी यादी ताडताना मराठी नावांचा एक अडथळा येतो. याबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ‘तिसऱ्या दिवसाचे कीर्तन’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एकच पूर्ण अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) असे दोन तुकडे करून. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल पद्धत नावे तुकडे करून ठेवत असे. तुमच्याकडचे नाव अखंड, त्यांच्याकडचे तुकड्यांचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण वजाबाकीला वेगळे. शिवाय काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तसाच ‘र्‍य’ काढतात, तो तिसराच प्रकार. तेव्हा ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ असलेले नाव ‘त्यांच्याकडे नाही’ या बाजूला पडले तर विश्वास ठेवू नका, फाइलचा आकार ताडून बघा. बाइट न् बाइट आकार जुळला तर फाइल तीच असल्याचे जवळपास नक्की.

एवढे होऊन जे फक्त तुमचे म्हणून उरेल, तेवढ्यासाठी डिस्क दुरुस्तीच्या प्रयोगशाळेत न्यायची की नाही हे घरात बसून ठरवा. तो खर्च मोठा असतो. आईच्या ओव्या त्या यादीत असतील आणि दुसरीकडे कुठेच नसतील, तर माझे मत विचाराल तर न्या. नेताना ही यादी, नावे आणि आकारांसकट, त्यांच्या हातात द्या. सगळी डिस्क परत द्या म्हणण्यापेक्षा ‘या फायली आधी शोधा’ असे सांगता येते.

जेलीफिनऐवजी प्लेक्स हा तसाच सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे ‘स्कॅननंतर कचरापेटी आपोआप रिकामी करा’ ही सेटिंग बंद असेल तर गेलेल्या फायलींवर कचरापेटीचे चिन्ह दिसते, पण नोंद टिकते. ती चालू असली तरी प्लेक्स दर तीन दिवसांनी डेटाबेसची प्रत काढून नावात तारीख घालून ठेवते. अपघाताच्या आधीची प्रत शोधा, त्यातल्या ‘मीडिया पार्ट्स’ तक्त्यात फायलींचे पत्ते मिळतील. आणि ज्यांनी वेगळी पॅरिटी डिस्क (बाकी डिस्कवरचा मजकूर पुन्हा उभा करायला लागणारी राखीव माहिती ठेवणारी) ठेवून स्नॅपरेड हा प्रोग्रॅम चालवला आहे, त्यांना शेवटच्या नोंदणीपर्यंतची यादी एका आज्ञेत मिळते, वर फायलीही परत उभ्या करता येतात.

प्रश्न : आमच्या सर्व्हरच्या डिस्कमधून फोटोरेक वापरून फायली परत मिळाल्या, पण सगळ्यांची नावे ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा अशी आहेत. कोणती कशाची हे कसे ओळखावे? सर्व्हरचा जुना डेटाबेस आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : डेटाबेस आहे म्हणजे अवघड भाग झाला. फोटोरेक डिस्कवरची नावांची व्यवस्था वाचतच नाही, फाइलचा प्रकार ओळखून तुकडा उचलते. तो आकडा फाइल डिस्कवर कुठे सापडली ते दाखवतो, त्यात शोधण्यासारखे काही नाही.

आधी मीडियाइन्फो या प्रोग्रॅमने सगळ्या फायलींची माहिती काढा. एमपी३ फायलींच्या आत बहुधा गाण्याचे नाव, गायक, अल्बम लिहिलेले असते, फाइलचे नाव गेले तरी ते राहते. प्रसिद्ध झालेल्या संगीतासाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्रॅम आवाजाच्या ठशावरून गाणे ओळखतो. घरच्या ध्वनिमुद्रणासाठी त्याचा उपयोग नाही, तो ठसा जगात दुसऱ्या कोणाकडे नसतो.

अशा फायलींसाठी कालावधी ताडा. जेलीफिनच्या ‘रनटाइमटिक्स’ला एक कोटीने भागले की सेकंद मिळतात. २७४२००००००० म्हणजे २७४२ सेकंद, म्हणजे ४५ मिनिटे ४२ सेकंद. ९० मिनिटांच्या कॅसेटीची प्रत्येक बाजू साधारण ४५ मिनिटांची असल्याने मिनिटांवरून सगळ्या सारख्या वाटतील, पण प्रत्येक फीत थोडी कमीजास्त असते आणि सेकंदांवर त्या वेगळ्या पडतात. दोन तरीही जुळल्या तर ऐकून ठरवा.

एमपी४ व्हिडिओ मात्र कालावधी जुळला म्हणून चांगला समजू नका. त्यात कालावधी एका ठिकाणी आधीच लिहिलेला असतो. फाइल डिस्कवर तुकड्यांत विखुरलेली असली तर फोटोरेकला पुढचे तुकडे सापडत नाहीत, आणि आकडा बरोबर दिसूनही आत दुसऱ्याच फायलीचा भाग असतो. सुरुवात नव्हे, मध्य आणि शेवट लावून बघा. आणि नावे बदलायला घेण्याआधी या सगळ्या फायलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे तशीच ठेवा. मूळ आकड्याची नावे तिथे राहिली, तर जोडी चुकल्यास परत ताडता येईल.