चुकून अपमानकारक शब्द गेला तर पत्रकाराची नोकरी जावी का?

पहिल्याच चुकीला? नाही ओ. २०१२ मधलं ईएसपीएन या अमेरिकन स्पोर्ट्स चॅनलचं प्रकरण बघा, जेरेमी लिन या चिनी-तैवानी वंशाच्या अमेरिकन बास्केटबॉलवाल्यावर मोबाईल साईटला रात्री हेडिंग टाकलं, 'चिलखतातली फट' अशा अर्थाची जुनी इंग्लिश म्हण, पण त्यातला एक शब्द चिनी लोकांना दिली जाणारी शिवी पण आहे. तासाभराच्या आत काढलं तरी हेडिंगवाल्याची नोकरी गेलीच, आणि टीव्हीवर तेच बोललेला अँकर ३० दिवस सस्पेंड. खुद्द लिन म्हणाला मुद्दाम केलं असं वाटत नाही.

मी कोल्हापुरात पेपरच्या डेस्कवर काम केलंय, रात्री पान सोडायच्या घाईत डोकं चालत नाही (आणि आमच्याकडं तर प्रेमानं पण शिवीच देत्यात). माफी छापा, चार दिवस घरी बसवा. तेच परत परत करून 'चुकून झालं' म्हणत असला तर मग खुशाल नारळ द्या.