आधी हेल्मेट की डेटा लॉगर? ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्मी ट्रॅक डेबद्दलची, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवसाबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून, थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : हॅचबॅक आहे, खर्चायला लाखभर रुपये आहेत. बकेट सीट (अंगाला धरून ठेवणारी रेसिंग सीट), चार-पॉइंट हार्नेस (खांदे आणि कंबर बांधणारा चार टोकांचा पट्टा) आणि हेल्मेट असा बेत आहे. गाडी रोज ऑफिसलाही नेतो. क्रम बरोबर आहे का? (ठाणे)

हेल्मेट घ्या. बाकीच्या दोन्ही गोष्टी तूर्त राहू द्या.

कंपनीने दिलेला तीन-पॉइंट पट्टा, एअरबॅग आणि सीट या तिन्हींची एकमेकांशी सांगड घातलेली असते. गाडी उलटली आणि छत खाली दबलं, तर तीन-पॉइंट पट्ट्यात माणूस थोडा बाजूला कलंडू शकतो. हार्नेसमध्ये तो ताठ जखडलेला राहतो आणि छताचा भार थेट डोक्यावर-मानेवर येतो. म्हणून हार्नेस लावायचा तर मागे निदान रोल बार, म्हणजे छत दबू न देणारी लोखंडी कमान हवी. हार्नेसने खांदे घट्ट धरले की अपघातात डोकं एकटंच पुढे झेपावतं, म्हणून मानेला हान्स, म्हणजे डोक्याला मागे धरून ठेवणारी खांद्यावरची चौकट हवी. हान्सचे पट्टे अडकवायला हेल्मेटला तशा खुंट्या हव्यात. खांद्याचे पट्टे नीट बसायला सीटच्या पाठीला भोकं हवीत. एक कडी आणली की पुढची आणावीच लागते, आणि अर्धवट साखळी कंपनीच्या साध्या पट्ट्यापेक्षा वाईट.

चार-पॉइंट हार्नेसची आणखी एक खोड आहे. खांद्याचे पट्टे ताणले की ते कमरेचा पट्टा वर ओढतात. जोरात धडक बसली की माणूस त्याखालून पुढे सरकतो आणि पट्टा हाडावरून सुटून पोटात रुततो. मांड्यांमधून येणारा पाचवा-सहावा पट्टा त्याचसाठी असतो. शिवाय अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कुशीत असते. सीट काढली की ती गेली, आणि डॅशबोर्डवर एसआरएसचा, म्हणजे एअरबॅगच्या बिघाडाचा दिवा कायमचा पेटला.

‘मग रोल केजच (पाइपांचा पिंजराच) बसवतो’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच : त्याच गाडीतून सोमवारी हेल्मेट न घालता घोडबंदर रोडला जाणार आहात. डोक्यापासून वीतभर अंतरावर लोखंडी पाइप असतो, आणि मागून रिक्षाने दिलेली ठोकरही पुरेशी होते. केज, सहा-पॉइंट हार्नेस, बकेट सीट आणि हान्स ही सगळी फक्त ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीची सामग्री. ती घ्याल तेव्हा हार्नेसच्या लेबलवर एफआयए (मोटरस्पोर्टची जागतिक संस्था) ८८५३-२०१६ हे मानक आणि वापराची अखेरची तारीख पाहा. तारीख उलटलेला पट्टा स्वस्तात मिळतो, पण धागा उन्हाने आणि घामाने आधीच खाल्लेला असतो. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जवळपास आडवे जावेत, फार तर २० अंश खाली उतरावेत. मागच्या फ्लोअरला बोल्ट मारून तिरपे ओढलेले पट्टे धडकेत पाठीचा कणा दाबतात. आपल्याकडच्या गॅरेजांत हीच चूक सर्रास दिसते.

तुमचे उरलेले पैसे ब्रेक ऑइल, पॅड आणि कोच यांवर जावेत. कंपनीचा पट्टा ट्रॅकवर सैल वाटतो, त्यावर एक युक्ती आहे. बसायची जागा ठरवून त्या खाचेवर खूण करा. सीट दोन-तीन खाचा मागे घ्या, पट्टा लावून झटका देऊन लॉक करा आणि तसाच धरून सीट पुन्हा खुणेवर आणा. कंबर जाग्यावर बसते.

प्रश्न : बाइकचं आयएसआय मार्कचं फुल-फेस हेल्मेट चालेल का? (दादर)

काही आयोजक चालवून घेतात. आमचं मत : पहिल्या दिवसापुरतं ठीक, पण विकत घ्यायचं असेल तर कारचंच घ्या. आयएसआयचं आयएस ४१५१ हे मानक दुचाकीसाठी आहे. हेल्मेटची मानकं ठरवणाऱ्या स्नेल या संस्थेच्या एम (बाइक) आणि एसए (कार रेसिंग) या दोन वर्गांतला फरक नेमका आपल्या कामाचा आहे. एसए हेल्मेटचं अस्तर आग सहन करणारं असतं आणि रोल बारवर एकाच जागी पुन्हा पुन्हा आपटण्याची वेगळी चाचणी त्याने पार केलेली असते. हान्ससाठी एम६ (सहा मिमीच्या) आट्यांची सोयही त्यात असते. एम हेल्मेटमध्ये यातलं काही नसतं. आज घेत असाल तर एसए २०२० किंवा एसए २०२५ घ्या. जुनं एसए २०१५ स्वस्त पडेल, पण आयोजक ते लवकरच नाकारू लागतील. स्टिकर अस्तराच्या आत असतो, तो अस्तर उचलून पाहा. बाहेर चिकटवलेल्या लोगोला काही अर्थ नाही.

माप भुवयांच्या जरा वर, डोक्याच्या सर्वांत रुंद घेरावर घ्या. हेल्मेट घालून, पट्टा बांधून, दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवा. गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर फिरली पाहिजे. मग मागची कड धरून पुढे ढकला. ते डोक्यावरून निघू लागलं, तर साइझ मोठी आहे. दुकानात वीस मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच बिंदूला दुखत असेल, तर दुसऱ्या कंपनीचा आकार पाहा, मोठी साइझ नको.

आणि दुकानात जाण्याआधी गाडीत बसून डोक्यावर चार-पाच सेंटिमीटर जागा मोजा. सनरूफच्या गाड्यांत उंच माणसाचं हेल्मेट छताला टेकतं. मग तो दिवसभर मान वाकवून चालवतो आणि दोष कोचला देतो.

प्रश्न : पाचव्या लॅपला (फेरीला) ब्रेकचं पॅडल थेट खाली गेलं. दोन-तीनदा पंप केल्यावर आलं. मेकॅनिक पॅड बदलायला सांगतोय. (मीरा रोड)

पॅड तापून थकले असते, तर पॅडल कडकच राहिलं असतं, फक्त गाडी थांबली नसती. पॅडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा ऑइल उकळलेलं असतं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. तुमचा पाय नुसते बुडबुडे दाबत होता.

हिशेब पाहा. माणसासकट ११५० किलोची गाडी १४० वरून ७० किमी वेगावर आणताना सुमारे ६५० किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्यात नळाचं दोन लिटर पाणी उकळेल. हे एका वळणाला, आणि बहुतांश पुढच्या दोन डिस्कवर. पुढचं वळण येईपर्यंत त्या पुरत्या निवतही नाहीत.

डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडं असताना २०५ अंश आणि पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईचे जूनपासूनचे चार महिने त्याला अगदी मानवतात. दोन पावसाळे पाहिलेलं डॉट ४ बाटलीवरच्या आकड्याशी इमान राखत नाही. ट्रॅकसाठी मिळणाऱ्या डॉट ४ ऑइलचा कोरडा आकडा ३०० च्या वर असतो, पण तेही ओलं होतं. ट्रॅक डेच्या आधीच्या आठवड्यात बदला. सिलिकॉनचं डॉट ५ नावाने ५.१ सारखं दिसतं, ते एबीएसच्या गाडीत घालू नका.

बदलताना सीलबंद एक लिटर आणा. टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढा, तळ कोरडा पडू देऊ नका, नवीन भरा. क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. चाकाजवळच्या ऑइल सोडायच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. आतल्याने पॅडल दाबून धरायचं, बाहेरच्याने निप्पल पाव आटा सोडायचा, पॅडल तळाला जाण्याआधी बंद करायचा, मगच पाय उचलायचा. ओरडून सांगितल्याशिवाय पाय सोडायचा नाही, नाहीतर हवा आत जाते. दर पाच-सहा वेळा दाबल्यावर टाकीत भर घाला. नळीत नव्या ऑइलचा रंग आणि शून्य बुडबुडे दिसेपर्यंत चालू ठेवा. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. उरलेली उघडी बाटली पुढच्या वर्षीसाठी कपाटात ठेवू नका.

पॅड निम्मे झिजले असतील तर तेही बदला. मागे धातूची पट्टी तेवढीच, पण मध्ये उष्णता अडवणारा थर पातळ झालेला असतो. बदललेले जुने पॅड डिकीत ठेवा, कोइमतूरच्या ट्रॅकवरून परत यायला बाराशेहून जास्त किलोमीटर आहेत. सेशन संपलं की शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता काढा आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावा.

प्रश्न : डेटा लॉगर म्हणून, म्हणजे लॅपची नोंद ठेवायला, मोबाइल अ‍ॅप पुरे की २५ हर्ट्झचा जीपीएस घ्यावा? ओबीडी डोंगलने (गाडीच्या संगणकाच्या सॉकेटला लावायच्या यंत्राने) काही मिळतं का? (डोंबिवली)

मोबाइलचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो. १२० किमी वेगाला गाडी सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे अख्खा ब्रेकिंगचा टप्पा दोन-तीन ठिपक्यांत संपतो. १० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, ठिपका दर ३.३ मीटरवर, २५ ला १.३ मीटरवर. रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमरसारखं अ‍ॅप आणि ब्लूटूथने जोडलेला १० किंवा २५ हर्ट्झचा रिसीव्हर, एवढ्यावर हौशी माणसाची दोन वर्षं सहज निघतात. एआयएम सोलो किंवा गार्मिन कॅटलिस्टसारखं स्वतंत्र यंत्र सोयीचं आहे : फोन तापून बंद पडण्याची भीती नाही. पण त्याने तुम्ही जास्त वेगवान होणार नाही.

ओबीडीतून आरपीएम, थ्रॉटल, पाण्याचं तापमान मिळतं. ब्रेकचा दाब त्याच्या सर्वसाधारण यादीत नाही. आणि जितक्या गोष्टी मागाल तितकी प्रत्येकीची गती मंदावते, तेव्हा दोन-तीनच मागा. ब्रेकचं चित्र जीपीएसच्या वेग-आलेखावरून नीट कळतं.

तो वाचायचा कसा, ते एका वळणावर पाहू. आडव्या अक्षावर अंतर ठेवा, वेळ नको, नाहीतर दोन लॅप एकमेकांवर बसत नाहीत. समजा ४०० मीटरच्या सरळ रस्त्याआधीचं वळण आहे. पहिल्या लॅपला तुम्ही उशिरा ब्रेक मारला, गाडी आत जास्त शिरली, किमान वेग ६२ दाखवला आणि बाहेर पडताना ८०. दुसऱ्या लॅपला ब्रेक पंधरा मीटर आधी, किमान वेग ६०, पण अ‍ॅक्सिलरेटर लवकर पडला आणि बाहेर पडताना ८३. वळणात दुसरी लॅप दशांश सेकंदाने मागे असते. सरळ रस्त्याच्या शेवटी ती पाव सेकंद कमावते आणि हिशेबाअंती पुढे राहते. पडद्यावर फक्त किमान वेग पाहणारा माणूस पहिली लॅप चांगली समजेल.

आलेखात दुसरी शोधायची जागा म्हणजे शिखरावरचा सपाट किंवा गोल माथा. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघाला, पण ब्रेकवर पोचला नाही. १२० ला अर्धा सेकंद असं तरंगणं म्हणजे १७ मीटर फुकट. नवख्यांचा वेळ बहुतेक इथेच जातो, आणि तो वाचवायला धाडस लागत नाही.

रेषेबद्दल मात्र जीपीएसवर विश्वास ठेवू नका, मीटरभराची चूक त्यात सहज असते. त्यासाठी दोन सीटांमध्ये मागे, हात आणि रस्ता दोन्ही दिसतील असा कॅमेरा लावा, बोल्टने, वर दोरीही बांधा. सक्शन कप उन्हात सुटतो. आणि ‘थिऑरेटिकल बेस्ट’ने, म्हणजे प्रत्येक टप्प्यातल्या सर्वोत्तम वेळांच्या बेरजेने, हुरळून जाऊ नका. एका टप्प्यातली सर्वोत्तम वेळ पुढच्या टप्प्याचा बळी देऊनही मिळते.

प्रश्न : कोच निवडताना काय विचारावं? (विलेपार्ले)

शेजारी बसतो का, की फक्त पिटमधून बोलतो. हेल्मेटमध्ये त्याचं बोलणं कसं ऐकू येणार, इंटरकॉम आहे का. सेशननंतर डेटा आणि व्हिडिओ एकत्र दाखवतो का. एका दिवसात किती जणांना घेतो. चारपेक्षा जास्त म्हटलं, तर तुमच्या वाट्याला दोन सेशन येतील. त्याच्या ट्रॉफ्या शेवटी विचारा. जलद चालवणं आणि दुसऱ्याचं चुकलेलं ओळखणं ही वेगवेगळी कामं आहेत.

चांगला कोच एका सेशनला एकच गोष्ट देतो, आणि ती बहुधा नजरेबद्दल असते : आता कुठे पाहताय, एपेक्स (वळणाचा सर्वांत आतला बिंदू) कधी दिसला. सहा सूचना एकदम देणारा, स्टिअरिंगला हात घालणारा किंवा ‘मी दाखवतो’ म्हणून तुमच्या गाडीचे टायर संपवणारा टाळा. त्याच्या सीटलाही तुमच्याइतकंच संरक्षण हवं. तुम्हाला सहा-पॉइंट हार्नेस आणि त्याला साधा पट्टा असेल, तर समजूतदार कोच बसणारच नाही.

मुंबईकराने एक हिशेब करावा. चेन्नई आणि कोइमतूरला सिंगल-सीटर गाड्यांवर रेसिंग स्कूलचे कोर्स भरतात. गाडी, टायर, ब्रेक त्यांचे. स्वतःची गाडी हजारावर किलोमीटर नेऊन आणण्यापेक्षा पहिला अनुभव असा घेणं अनेकांना परवडतं.

प्रश्न : ट्रॅकवर गाडी ठोकली तर इन्शुरन्स मिळतो? (नेरूळ)

नाही धरूनच चाला. पॉलिसीतलं ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम काढून वाचा, संघटित शर्यत आणि वेगचाचणी त्यात वगळलेली असते. ‘ही शर्यत नव्हती, फक्त ट्रॅक डे होता’ हा वाद सर्व्हेअरपुढे घालायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. मित्राची किंवा कर्जावरची गाडी म्हणूनच नेऊ नये.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलीला कार्टिंगचा सूट हवाय. माझा रेसिंग सूट अल्टर करून चालेल का? (बोरिवली)

चालणार नाही. कार्टला पट्टा नसतो, चालक बाहेर फेकला जातो. म्हणून कार्टचा सूट घासण्याला टिकणारा, जाड विणीचा असतो. तुमचा नोमेक्सचा सूट आगीसाठी आहे, डांबरावर तो फाटेल, आणि उसवून शिवला की त्याचं प्रमाणपत्रही गेलं. त्याआधी तिला बरगड्यांचं जाकीट घ्या. पहिल्या दिवशी दुखतात त्या बरगड्याच. केस हेल्मेटखाली, बालाक्लाव्हात (डोकं-मान झाकणाऱ्या कापडी टोपीत). ओढणी, स्कार्फ, हूडची दोरी असलं काहीही अंगावर नको, मागच्या अ‍ॅक्सलला गुंडाळतं.

प्रश्न : हेल्मेटला कुबट वास येतोय. (माहीम)

घामट हेल्मेट पिशवीत घालून कपाटात ठेवलंत. अस्तर निघत असेल तर काढून कोमट पाण्यात बेबी शाम्पूने धुवा आणि पंख्याखाली सुकवा, उन्हात नको. निघत नसेल तर ओल्या कापडाने पुसून रात्रभर पंख्यासमोर उलटं ठेवा. थिनर, पेट्रोल, कॉलिन कवचाला लावू नका. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि व्हायझर बोटभर उघडा राहू द्या.