मुलाच्या वाढदिवसाला घरीच गोड काय करता येईल? मुलांना मजा येईल असं काहीतरी सांगा

शिरवाळे करा, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या, साच्यातून दाबून काढलेल्या शेवया, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात. बाकीचे पदार्थ पुढे सांगतेच, पण पहिलं उत्तर हेच.

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा होतोय, वाढदिवस मे महिन्यात गावी करताय, ओव्हन नाही, आणि घरातले म्हणतायत की हल्ली घरचं गोड कोण खातं, लोक काय म्हणतील, सरळ मोठा केक मागवा. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लांब लिहितेय.

माझं सासर मालवण तालुक्यात, मसुऱ्याकडे. मुलीचा वाढदिवस मे महिन्यातच येतो, म्हणजे घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पोरंच पोरं. मुलगी सहा वर्षांची झाली त्या वर्षी मी ठरवलं की रस-शिरवाळे करायचे आणि ते पोरांकडूनच काढून घ्यायचे. सासूबाईंच्या सासूचा लाकडी साचा माळ्यावर होता, तो खाली काढला, धुतला, उन्हात वाळवला, आतून खोबरेल लावलं. आमच्या नणंदबाई तेव्हा डोंबिवलीहून आलेल्या. साचा बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "वर्साक एकदा येता वाढदिस, आणि तू पोरांका शिरवाळे घालतलंस?" इथपर्यंत ठीक होतं, प्रत्येकाची आवड असते. पण संध्याकाळी पडवीत शेजारच्या दोन बायका बसलेल्या, त्यांच्यासमोर म्हणाल्या, "केकाचे पैसे वाचवल्यान हिणां."

ते मला लागलं. अजून लागतं. कारण ज्यांनी कधी दहा-बारा पोरांचे रस-शिरवाळे केलेत त्यांना माहितीय की यात काहीही वाचत नाही. तांदूळ आदल्या दिवशी धुऊन सावलीत वाळवा, गिरणीवर बारीक दळून आणा, चार-पाच नारळ सोला, फोडा, खवा, वाटा, पिळा, गूळ चिरा, वेलची कुटा. नारळ घरचे असले म्हणून फुकट होत नाहीत, माडावर चढणाऱ्याची मजुरी द्यावीच लागते. आणि त्याच दिवशी मी सांदणं पण केली होती, आंब्याच्या रसातल्या गोड इडल्याच त्या, त्यात गेलेले हापूस पेटीत भरून वाशीच्या बाजारात गेले असते तर त्या पैशात केक आला असता. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मुंबईत लोक देवगडचा आहे ना असं चार वेळा विचारून घेतात, आणि तोच आंबा गावातल्या घरात वाफवून पोराच्या ताटात वाढला की म्हणे गावठी. मला हे अजिबात पटत नाही.

तर झालं असं की ताईंनी, म्हणजे नणंदबाईंनी, आम्हाला न सांगता केक मागवलाच. आला, चांगला होता, नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. मेणबत्ती, टाळ्या, कापला, प्रत्येकाला तुकडा दिला, पोरांनी वरची क्रीमची फुलं खाल्ली आणि दहा मिनिटात तो विषय संपला. नंतर पोरांनी करायचं काय?

मग मी खळ्यात साचा मांडला. मी आणि सासूबाई चुलीपाशी. तांदळाच्या पिठाची उकड काढून, मळून, मुठीएवढे गोळे करून उकळत्या पाण्यात सोडायचे, शिजून वर तरंगले की गरम गरमच साच्यात, आणि वरून दांडा दाबायचा. उकडीचे तीन भाग केले होते, एकात बिटाचा रस, एकात हळद, एक पांढरी. दांडा दाबायला जोर लागतो, एकट्या पोराला जमत नाही, मग दोघं दोघं लटकायला लागली, खालून गुलाबी शेवया बाहेर आल्या तशी जी ओरड झाली ती वरच्या वाडीतून ऐकू गेली असेल. लाईन लागली. कोणाचे शिरवाळे लांब, कोणाचे तुटले, यावरून भांडणं. प्रत्येकाने आपण काढलेले आपल्या वाटीत घेतले आणि वर गूळ घातलेला नारळाचा रस ओतून खाल्ले. स्वतः काढलेलं पोर टाकत नाही, हे मी तिथे बघितलं. ताईंना वाटलं पोरं हात भाजून घेतील, त्या ओरडत होत्या, तर सासूबाई म्हणाल्या "पोरांका करूंदेत", आणि ताई गप्प बसल्या. ताईंचा धाकटा, जो दुधावरची साय पण बोटाने बाजूला काढतो, त्याने परत परत मागून घेतलं. ताईंचं म्हणणं, त्याला भूक लागली होती. असेल. पण केक समोरच ठेवलेला होता.

आता कृतीचं, कारण रस बिघडला की सगळं फुकट. मे महिन्यात नारळाचा रस फार पटकन आंबतो, सकाळी काढून ठेवू नका, पोरं दांड्याला लटकली की घरातल्या कोणाला तरी पिळायला बसवा. गूळ चिरून रसात तसाच विरघळवायचा, उकळायला ठेवू नका, फुटतो. चिमूटभर मीठ घालाच, मिठाशिवाय तो रस नुसता गोड लागतो. एक किलो पिठात दहा-बारा पोरांचं आरामात होतं, मोठ्यांनाही पुरतं.

सांदणं करणार असाल तर तांदळाची कणी दोन वाट्या, हापूसचा रस दोन वाट्या, गूळ किंवा साखर एक वाटी, थोडा नारळाचा रस, मीठ. अर्धा-पाऊण तास भिजू द्या आणि इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवा. ओव्हनची गरजच नाही. काहीजण सोडा घालतात, मला तो वास येतो, मी घालत नाही. गार झाली की पोरांना बेदाणे आणि काजूचे तुकडे द्या, ती वर डोळे-तोंड करत बसतात. फणसाची करायची तर मऊ गऱ्यांचा बरका फणस घ्या, कडक गऱ्यांच्या काप्याचा रस निघत नाही.

अजून सोपं हवं तर आंबापोळी, म्हणजे आंब्याचा वाळवलेला रस. पोरांना बोथट कात्र्या द्या, ती चांदण्या, मासे, होड्या कापतात आणि नारळाच्या वडीवर चिकटवतात. याला गॅससुद्धा पेटवावा लागत नाही, वड्या तेवढ्या आदल्या दिवशी करून ठेवा, त्यातल्याही अर्ध्या वड्या बिटाने गुलाबी करा.

जेली पाहिजेच असेल, पोरांना ती थरथर आवडतेच, तर बाजारातली जिलेटिनची आणू नका, ती प्राण्यांपासून बनते, गावी कितीतरी घरात चालणार नाही, आणि मेच्या दुपारी लाईट गेली, फ्रीज बंद पडला की तिचं पाणी होतं. चायनाग्रास आणा, ते समुद्री शेवाळापासून बनतं. दहा ग्रॅमला साधारण लिटरभर दूध किंवा रस. एकदा घट्ट झालं की आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तरी वितळत नाही. कोकमाची लाल जेली फार सुंदर दिसते, पण कोकम चायनाग्रासबरोबर उकळायचं नाही, आंबटाने ती नीट धरत नाही. चायनाग्रास पाण्यात पूर्ण विरघळवून गॅस बंद करा आणि मग कोकमाचं सरबत घाला, तेही फ्रीजमधलं गार नको, नाहीतर ओतता ओतताच गुठळ्या होतात.

जाताना हातात द्यायला मालवणी खाजा, म्हणजे गुळाच्या पाकात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या. तो घरी करायच्या भानगडीत पडू नका, गुळाचा पाक चुकला की दगड होतो, जत्रेत करणाऱ्यांचाच चांगला असतो. सोबत सावंतवाडीचा लाकडी भोवरा दिलात तर प्लॅस्टिकच्या खेळण्यापेक्षा कितीतरी दिवस पुरेल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. उकळत्या पाण्यातले गोळे मोठ्यांनीच काढायचे आणि साच्यात मोठ्यांनीच टाकायचे, पोरांनी फक्त दांडा, आणि चूल साच्यापासून लांब. चार वर्षांखालची कोणी असतील तर अख्खे काजू-शेंगदाणे त्यांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात, बारीक कूट करून घाला. कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का ते आयांना आधीच विचारा, शहरातून आलेल्यांना तर नक्की. आणि तुमच्या मुलाला केक हवाच असेल तर आणा की, लहानसा आणा, त्याचा वाढदिवस आहे. माझं भांडण केकशी नाहीच.

भांडण आहे ते घरचं केलं म्हणजे पैसे वाचवले असं समजणाऱ्यांशी. तुमच्याकडे जे कोणी "लोक काय म्हणतील" म्हणतायत ना, त्यांना खर्चाचा हिशोब देत बसू नका. मी दिला होता, नारळ किती, आंबे किती, सगळं मोजून सांगितलं, ताईंनी मान हलवली आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच. त्यांना सरळ विळीवर बसवा आणि नारळ खवायला द्या, पाचवा नारळ खवून होईपर्यंत त्यांना आपोआप कळेल काय वाचतं आणि काय नाही. आमच्या ताईंना मी अजून बसवू शकले नाहीये, त्या वयाने मोठ्या. पण यंदा भाच्याने फोनवर सांगितलंय की खवायला तो बसणार.

साचा नसेल तर वाडीत विचारा, कोणा ना कोणाच्या माळ्यावर पडलेला असतोच. नाहीच मिळाला तर शेवेचा पितळी सोऱ्या चालतो, फक्त जाळी अगदी बारीक नको आणि गोळा गार होऊ देऊ नका, गार झाला की दांडा कोणाच्या बापाला हलत नाही.