नवऱ्याची दाबोळीहून पोर्ट ब्लेअरला बदली झाली आहे. क्वार्टर मिळेपर्यंत मी मुलांना घेऊन गोव्यातच थांबावं का?

थांबू नका.

तुम्ही लिहिलंय की नवरा नौदलात, मोठा मुलगा सहावीत, धाकटी पहिलीत. तिथली क्वार्टरची यादी लांब आहे म्हणून सहा-आठ महिने वास्कोतच काढायचा विचार आहे. सामान काय न्यावं तेही विचारलंय. आणि शेवटी एक वाक्य आहे: ‘आता तिकडे इंटरनेट चांगलं झालंय, व्हिडिओ कॉलवर निभेल असं घरचे सगळे म्हणतात.’ त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. निभत नाही.

२०१५ च्या जूनमध्ये माझ्या नवऱ्याची दाबोळीच्या हंसा तळावरून पोर्ट ब्लेअरच्या उत्क्रोश तळावर बदली झाली, तोही नौदलातच. डॉर्नियर विमानांच्या देखभालीवर होता. मुलगा तिसरीत, मुलगी तीन वर्षांची. वरुणापुरीतलं, म्हणजे वास्कोच्या नौदल वसाहतीतलं, क्वार्टर सोडायचं होतं. माझं माहेर फोंड्याजवळ, फोंड्यातल्याच एका पतसंस्थेत माझी नोकरी, म्हणजे सगळं जुळून आल्यासारखं. आई म्हणाली, इथे ये, पोरांना मी बघते. आणि त्याच्या पुढचं वाक्य, जे मी लहानपणापासून ऐकत आले होते: ‘मी नाही का वाढवली तीन पोरं एकटीनं?’

माझे बाबा तारवटी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मालवाहू जहाजावरचे खलाशी. नऊ-दहा महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी. आईनं खरंच आम्हाला एकटीनं वाढवलं, शेत सांभाळलं, सासू-सासऱ्यांचं केलं. महिन्या-महिन्यानं पत्र यायचं, त्यावर घर चालायचं. त्यामुळे तिच्यापुढे ‘मला एकटीला जमणार नाही’ म्हणायची सोय नव्हती. ‘तुझ्याकडे तर फोन आहे,’ ती म्हणायची. जाऊबाई वेगळंच बोलायच्या: ‘काळ्या पाण्यावर लेकरांना नेतेस?’ मराठी माणसाला अंदमान म्हटलं की सावरकर आणि कोलू एवढंच डोळ्यापुढे येतं. तिथे शाळा, दवाखाना, बाजार, संध्याकाळी फिरायला निघालेली माणसं असतील हे मनात येतच नाही.

मी ऐकलं. नवरा एकटा गेला.

आता फोनचं सांगते. तेव्हा बेटांवरचं सगळं नेटवर्क उपग्रहावर चालायचं. आभाळ भरून आलं की लाइन गेली. चेन्नईहून समुद्राखालून जवळजवळ २,३०० किलोमीटरची केबल टाकली, ती सुरू झाली १० ऑगस्ट २०२० ला. त्याआधी एक फोटो पोचायला रात्र जायची. म्हणून घरचे आज तुम्हाला म्हणतात की आता तो प्रश्नच मिटला. पण आमचं बिघडलं ते नेटवर्कमुळे नाही, उजेडामुळे बिघडलं.

देशभर घड्याळ एकच आहे, पण पोर्ट ब्लेअर गोव्याच्या पूर्वेला रेखांशात जवळजवळ १९ अंशांवर आहे. अंशाला चार मिनिटं धरा. सूर्य तिथे आपल्यापेक्षा सव्वा तास आधी मावळतो. मे-जूनमध्ये पहाटे साडेचारला फटफटतं, डिसेंबरात संध्याकाळी पाचला दिवा लावावा लागतो. ड्युटी सुटून नवरा खोलीवर यायचा तेव्हा बाहेर अंधारून आलेलं. त्याच्या लेखी रात्र झालेली, घरची आठवण यायची वेळ. तो साडेपाचला फोन करायचा. इकडे त्या वेळी गोव्यात पिवळं ऊन, मुलगा मैदानावर, मुलगी शेजारच्या अंगणात. मी हाका मारायची. मुलगा धापा टाकत यायचा, ‘हॅलो बाबा, हो, जेवलो, हो’ म्हणायचा आणि माझ्या हातात फोन देऊन पळायचा. खेळ अर्धा टाकून आलेला मुलगा दुसरं काय बोलणार? मुलं हातपाय धुऊन घरात बसायची सात-साडेसातला. तेव्हा बोलायला त्यांना सुचायचं, शाळेत कोण पडलं, कुणी कुणाला मारलं. पण पहाटे साडेचारला उठणारा माणूस आठ वाजता डोळे उघडे ठेवू शकत नाही. फोन लावला तर अर्ध्या झोपेत हुंकार द्यायचा. रोज. एकदाही भांडण झालं नाही, कुणाचं काही चुकलं नाही, आणि दोन-तीन महिन्यांत बाप-लेकाकडे बोलायला काही उरलं नाही. हे केबलनं कसं सुधारणार ते मला कुणी तरी सांगावं.

चवथीला, म्हणजे गणपतीला, त्याला सुट्टी मिळाली नाही. गणपतीवरची फळापानांची माटोळी माझ्या भावानं बांधली. डिसेंबरात वीस दिवसांची रजा मिळाली, आला. पहाटे चारला उठून सोप्यावर एकटा बसायचा, रात्री मुलांच्या जेवणाआधी पेंगायचा. त्या रजेत मुलाचं प्रगतिपुस्तक घरी आलं. नवऱ्यानं ते मांडीवर घेऊन नीट वाचलं, गणिताचे गुण पाहून खूश झाला, खिशातलं पेन काढलं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्ही नको. शाळेत आईच्या सहीचा नमुना आहे, तुमची चालत नाही.’ उद्धटपणा नव्हता त्यात. बाईंनी वर्गात जे सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं. नवऱ्यानं पेनाला टोपण लावलं आणि वही माझ्याकडे सरकवली. नंतर त्यावर तो एक शब्द बोलला नाही, आजवर बोललेला नाही.

मी त्याच रात्री ठरवलं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये वास्को-चेन्नई गाडीनं चेन्नई, तिथून चौघं सरकारी जहाजानं पोर्ट ब्लेअर. तीन दिवस. विमान परवडलं नसतं असं नाही, पण सामान बरोबर होतं. मुलीला आणि मला बोट लागली. मुलगा बापासोबत डेकवर. उडणारे मासे बघून आला की आम्हाला येऊन सांगायचा. तीन दिवसांत ती दोघं जेवढी बोलली तेवढी मागच्या दहा महिन्यांत बोलली नव्हती. क्वार्टर तेव्हाही मिळालेलं नव्हतं. जंगलीघाटात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. छत गळायचं. उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड, तेही मोजून. अशात सात महिने काढले. नंतर शहरातच मिनी बे भागात क्वार्टर मिळालं. तुम्ही जी यादी संपायची वाट बघणार आहात तिच्याबद्दल मी एवढंच म्हणेन की ती सात महिने दोन गळक्या खोल्यांत काढलेली बरी.

कारण तोच उजेड आता आमच्या बाजूनं झाला. संध्याकाळी लवकरच काळोख, मुलं घरात. नवराही घरात. बाहेर करायला काही नाही. वीज गेली तर कंदील. झोपेपर्यंत अडीच-तीन तास चौघं एका खोलीत. मुलाचं गणित बापानं घेतलं, तेही त्या काळोखात. गोव्यात एकत्र राहत होतो तेव्हाही एवढ्या संध्याकाळी आम्हाला मिळाल्या नव्हत्या.

मराठी जाईल असं जाऊबाई म्हणायच्या, तेही खोटं ठरलं. कॉलनीत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची घरं होती. गावात सगळे हिंदी बोलतात, बंगाली, तमिळ, तेलुगू सगळ्यांची हिंदी, म्हणून मुलांची हिंदी पक्की झाली एवढंच. मराठी मी घरी घेतलं, रोज पान-अर्धं पान. माझी मुलगी आज वास्कोतल्या तिच्या वयाच्या मुलांपेक्षा सुवाच्य मराठी लिहिते.

२०१७ च्या डिसेंबरात आई आली. पहिला विमानप्रवास. उतरल्या उतरल्या म्हणाली, ही तर दाबोळीच. खरंच तसंच आहे, धावपट्टी नौदलाची आणि प्रवाशांची इमारत एका बाजूला. विमानतळाला नाव सावरकरांचं. तिला सेल्युलर जेल बघायचाच होता. सातांपैकी तीन विंग उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीपाशी तिनं हात जोडले. बरोबरचा माणूस सांगत होता की कैद्याला वर्षाकाठी घरी एकच पत्र लिहायला मिळायचं. आई बराच वेळ काही बोलली नाही. खाली उतरताना जिन्यात माझा दंड धरून म्हणाली, ‘मला महिन्याला यायचं गं. तरी पुरायचं नाही.’ चाळीस वर्षांत हे वाक्य तिनं कुणाकडे उच्चारलं नव्हतं. ‘मी नाही का वाढवली’ हेच म्हणत आली. मी तिला दोष देत नाही, तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, तारवट्याच्या बायकोला जहाजावर कोण नेणार? पण ज्यांना रस्ता आहे त्यांना तिचा दाखला कुणी देऊ नये. तुमच्याकडेही अशी कुणी थोरली बाई असेल, मोठ्या कष्टानं एकटीनं निभावून नेलेली. तिला विचारा, पुरायचं का.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. मूल दहावी-बारावीत असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर तुम्हीच ठरवा, मी कोण बोलणार? माझी नोकरी गेली ती गेली, २०१८ ला परत आल्यावर तशी मिळाली नाही, आणि त्याचं वाईट वाटतं, लपवत नाही. आणि मी म्हणतेय ते पोर्ट ब्लेअरचं. कार निकोबार, कामोर्टा, कॅम्पबेल बे अशा दक्षिणेकडच्या लांबच्या बेटांवरची बदली असती तर आधी शाळा आणि दवाखान्याची चौकशी करा म्हटलं असतं. भूकंपाचा पट्टा आहे, हलके धक्के आम्हीही अनुभवले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर शंभराहून जास्त माणसं गेली, जवान आणि त्यांच्या घरचे. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटाला खाऱ्या पाण्याखाली गेलेली शेतं मी पाहिली आहेत. सासरे ह्याच भीतीनं नको म्हणत होते, त्यांची भीती खोटी नव्हती. पण ज्या धोक्यात नवऱ्याला आपण एकटा पाठवतो तो धोका त्याच्यापुरता कमी होत नाही.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजय पुरम झालंय. कागदपत्रांवर तेच लिहा, माझ्या तोंडी मात्र जुनंच बसलंय.

सामान. लाकडी कपाट, सोफा, गाद्या नेऊ नका. गोव्यात पावसाळ्यात चपलांना बुरशी येते ना, तिथे पाऊस मेपासून डिसेंबरपर्यंत. लोखंडी ट्रंका बऱ्या. फ्रिज, मशीन तिथे घ्या. नारळ आणि मासे मुबलक, भाजी मात्र बरीचशी जहाजानं येते, जहाज लांबलं की टोमॅटोला हात लावता येत नाही. सोलं, तिरफळं, लाल उकडा तांदूळ घेऊन जा. मुलांना वाळूतल्या बारीक माश्या फार चावतात, खोबरेल लावून बाहेर काढा. मगरींची पाटी लावलेली असेल तिथे पाण्यात उतरू देऊ नका, पाटी उगाच लावत नाहीत.

शाळेचं म्हणाल तर मुलं केंद्रीय विद्यालयात असतील तर बदलीच्या आदेशावर तिथल्या केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळतो. नौदलाची शाळाही आहे. टीसीचा अर्ज नवरा निघायच्या आधी टाका. मागे राहिलं की वर्ष संपू दे, मग चवथ होऊ दे, मग पाऊस थांबू दे, असं करत महिने निघून जातात. माझे दहा गेले. आणि तिकडे प्रवेशाचा अर्ज भराल तेव्हा पालकांच्या सहीचा नमुना मागतील. दोघांच्या सह्या द्या.